सहाव्या जागेचा बिल्ला

पटो न पटो, ही गोष्ट घडलेली आहे. जिच्या बाबतीत घडली ती सुमंगला अजून डिचोलीतच आहे. तिने मला हे सांगितलं तेव्हा समोरचा चहा निवून वर साय धरली, तरी तिचं लक्ष नव्हतं.

एक आधीच सांगतो. यात अमावस्या नाही, वडाचं झाड नाही, मध्यरात्र तर नाहीच. जे झालं ते लख्ख उन्हात झालं.

दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी.

गोव्यातली दुपार ज्याने पाहिलीय त्याला वेगळं सांगायला नको. एक वाजला की दुकानं बंद होतात, कुत्रंसुद्धा सावली सोडत नाही. चार वाजेपर्यंत कोणी कोणाच्या दारात जात नाही आणि कोणी कोणाला फोन करत नाही. आलाच फोन, तर समजायचं की कोणीतरी आजारी आहे, नाहीतर कोणीतरी गेलं.

हे सुमंगलाला जन्मापासून ठाऊक होतं. तरीही तिने तो फोन उचलला नाही.

डिचोलीहून मयेला जाणाऱ्या रस्त्यावर एक जुनी सरकारी प्राथमिक शाळा आहे. मुलं कमी झाली, शाळा बंद पडली. मग त्या इमारतीत सगळ्यांसाठी मिळून एक जागा सुरू झाली. हल्लीची मुलं तिला मेकरस्पेस म्हणतात. एका वर्गात सुतारकामाची यंत्रं, ती निहार बघतो. दुसऱ्या वर्गात दागिने घडवायची सामायिक कार्यशाळा, ती सुमंगला बघते. हत्यारं सगळ्यांची, गॅसची बत्ती एक, बसायच्या जागा सहा. ज्याला स्वतःच्या हाताने काही घडवायचं असेल त्याने यावं आणि बसावं.

सुमंगला सोनाराची मुलगी, वय बावन्न. नवरा जाऊन सात वर्षं झाली. मुलगा साईश जहाजावर असतो, नऊ महिने पाण्यावर आणि तीन महिने जमिनीवर. त्या तिनातले दोन महिने मित्रांचे. घरी जाऊन बोलायचं कोणाशी, भिंतींशी? म्हणून दुपारचीही ती घरी जात नसे. डबा खायची, दाराला आतून कडी घालायची आणि वर्गामागच्या लहान खोलीत चटईवर आडवी व्हायची.

तिच्या कार्यशाळेत एक नियम होता.

नव्या माणसाने आल्यावर आधी पितळेच्या पत्र्याचा बिस्किटाएवढा तुकडा कापायचा आणि त्यावर आपलं नाव ठोकायचं. त्यासाठी तिच्या वडिलांचे अक्षरांचे ठसे होते. पूर्वी भांड्यांवर नावं घालायला वापरत तेच. लाकडी पेटीत प्रत्येक ठशाला आपापलं भोक. एक ठसा धरायचा, हातोडीचा एकच घाव घालायचा, की एक अक्षर उमटलं. मग पुढचा ठसा शोधायचा.

झाला बिल्ला तयार. आलं की तो आपल्या जागेवरच्या खिळ्याला अडकवायचा, निघालं की दाराजवळच्या फळीवर लावायचा. फळी भरली म्हणजे सगळे गेले. मग सुमंगला गॅस बंद करायची.

सगळ्यांचे बिल्ले होते. फक्त तिचा नव्हता.

हे पहिल्यांदा ओळखलं देवकीबायने.

देवकीबाय मयेची. बालवाडीतून निवृत्त झालेली, सत्तरीला टेकलेली. मागेपुढे कोणी नाही, म्हापशाला एक भाचा तेवढा. खिडकीजवळची सहावी जागा तिची. हात कमी चालायचा आणि तोंड जास्त. वर्षभरात तिने एक जोडवं केलं, जोडी नव्हे, एकच. पण आज पोदेर पाव घेऊन उशिरा कसा आला, इथून जी सुरुवात व्हायची ती एक वाजेपर्यंत तोंडाचा पट्टा चालूच. सुमंगला मान खाली घालून हूं हूं करायची आणि मनात म्हणायची, कधी एकदा ही गप्प बसते.

एके दिवशी देवकीबाय फळीकडे बघत राहिली.

"तुझो बिल्लो खंय गो?"

"म्हाका कित्याक? चावी म्हजेकडेन आसा."

"चावी म्हणजे नांव न्हय. सगळीं गेलीं तें तुका कळटा. तूं गेली तें कोणाक कळटलें?"

सुमंगला बत्ती पेटवायला वळली.

"राव, हांवच करतां तुझो." तो बिल्ला आता देवकीबाय स्वतः करून देणार होती.

"पयलीं जोडव्याची जोडी पुराय कर, मागीर म्हजो बिल्लो."

ती गोष्ट तिथेच राहिली.

गेल्या वर्षी शिगमो, म्हणजे गोव्यातला शिमगा, संपला, त्यानंतरचा शुक्रवार. देवकीबाय त्या सकाळी आलीच नाही. खरं सांगायचं तर सुमंगलाला जरा बरंच वाटलं. दुपारी ती चटईवर पडली, डोळा लागत होता, तेवढ्यात उशाशी फोन थरथरला.

देवकीबाय.

दोन वाजून दहा मिनिटं.

आता हिचं पुराण सुरू झालं की तासभर तरी सुटका नाही, असा विचार करून सुमंगलाने फोन पालथा घातला. चारला आपण करू, म्हणाली. चारला सेजल आली. ही मोपा विमानतळावर नोकरी करणारी मुलगी, तिच्या झुमक्याचा सांधा बसत नव्हता. त्या नादात फोन राहून गेला.

शनिवारी देवकीबाय आली नाही. रविवारी कार्यशाळा बंद. सोमवारी राणी आली ती दारातच उभी राहिली. राणीही कार्यशाळेत दागिने शिकायला यायची. बेळगावकडची, नवरा इथल्या कारखान्यात, मयेला देवकीबायच्या शेजारी भाड्याने राहायची.

"दार फोडून काढलं बघा ताई त्यांना. शुक्रवारीच गेल्या म्हणं. दुपारी तीन-चारच्या टायमाला. हातात फोन हुता."

सुमंगला खाली बसली. तिला रडू आलं नाही. तिला लाज वाटली.

म्हणजे दोन वाजून दहा मिनिटांनी ती होती. जिवंत होती. गोवाभर माणसं झोपलेली असताना तिने एकच नंबर लावला होता.

हे सुमंगलाने कोणालाच सांगितलं नाही. बारावा झाल्यावर तिने फळीवरून देवकीबायचा बिल्ला काढला. मोडीच्या डब्यात टाकायला हात होईना, म्हणून सहाव्या जागेच्या खणात ठेवला. खणाला कुलूप घातलं आणि किल्ली स्वतःच्या कमरेला खोचली.

दुसऱ्याच दिवशी दुपारी ती पडली होती. पंखा बंद होता. बाहेर पानही हलत नव्हतं.

आणि…

टक.

एकदाच. कौलावर कैरी पडली असेल, असं तिला वाटलं. साडेतीनला वर्गात जाऊन बघते तर ठशांची पेटी उघडी. एक भोक रिकामं. 'स'चा ठसा सहाव्या जागेवर पडलेला. राणीचा विसरभोळेपणा म्हणून तिने तो उचलून जागच्या जागी ठेवला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा…

टक.

या वेळी उकाराचा ठसा बाहेर. ठेवून ती वळली आणि तिची नजर खिळ्यावर गेली.

सहाव्या जागेवर देवकीबायचा बिल्ला अडकवलेला होता.

खणाचं कुलूप तसंच. किल्ली कमरेला.

तिने खण उघडला. आत काही नव्हतं.

तिसऱ्या दिवशी टक झाल्यावर ती धावत वर्गात गेली. कोणी नाही. सहा खुर्च्या, सहा मेजं, कडी आतून लावलेली. 'म'चा ठसा मेजावर होता. तिने हातात घेतला तर तो कोमट लागला, खूप वेळ कोणीतरी मुठीत धरून ठेवल्यासारखा. स, उकार आणि म. तेव्हा तिला कळलं.

तिचं स्वतःचं नाव ठोकलं जात होतं. रोज एक घाव. अजून चार बाकी होते: अनुस्वार, ग, ल आणि काना.

तुम्ही म्हणाल, बाईने दुपारची घरी जायचं की नाही? निहारला सोबत बसवायचं की नाही? मीही तिला तेच विचारलं. ती म्हणाली, "घरीं तरी कोण आशिल्लें?" आणि मग हळूच म्हणाली की चौथ्या दिवसापासून ती दोन वाजायची वाट बघायला लागली होती, रविवारीसुद्धा. भीती होतीच. पण दिवसभरात तिच्या नावाने काही करणारं दुसरं कोणी नव्हतं.

सातव्या दिवशी ती झोपली नाही. कोणाचीच नसलेल्या पाचव्या जागेवर जाऊन बसली, सहाव्याच्या शेजारी. खिडकीची एक फळी सैल होती, ती अधूनमधून खडखडत होती. फोन तिने समोर ठेवला.

दोन वाजून दहा मिनिटांनी तिने तो उचलला आणि देवकीबायचा नंबर लावला.

राहिलेला फोन तिला करायचा होता. एवढंच, असं ती म्हणते.

पलीकडे रिंग वाजली. एक… दोन… तीन…

कोणीतरी उचलला.

बोललं कोणी नाही. पण फोनमध्ये एक आवाज येत होता. लाकडाची खडखड. सैल फळीची. इथे खिडकीची फळी वाजली की तिथेही वाजायची.

सुमंगलाने फोन कानाला घट्ट धरला. मी आहे, तू बोल, असं ती म्हणाली.

"देवकीबाय, हांव आसां. उलय."

आणि तिचा स्वतःचा आवाज तिला फोनमधून ऐकू आला, तोही थोडा दुरून. सहाव्या जागेवर बसून कोणी ऐकावा तसा.

तिने मान वळवली नाही.

मग…

टक.

दोन्ही कानांत एकदम.

तिने डोळे मिटले आणि उघडले, तेवढंच तिला आठवतं. दारावर थापा पडत होत्या. फोन कानालाच होता आणि तापला होता. भिंतीवरच्या घड्याळात तीनला पाच मिनिटं कमी होती.

दारात सेजल होती. त्या दिवशी तिची ड्युटी बदलली होती, म्हणून ती सव्वादोनलाच येऊन व्हरांड्यात बसली होती. झोपेच्या वेळी दार कोण वाजवणार?

"कोण आयलां गो ताय?" तिने आत डोकावत विचारलं.

"कोण ना."

"ना कशें? दोगां उलयतालीं. एकली सारकी उलयताली, आनी तूं हूं हूं करताली. मदीं हांसली पसून. तुका हांसताना हांवें पयलेच खेपे आयकलें."

सुमंगलाने फोन बघितला. दोन वाजून दहा मिनिटांचा कॉल. त्रेचाळीस मिनिटं.

त्या त्रेचाळीस मिनिटांतलं तिला एक अक्षर आठवत नाही. जन्मात पहिल्यांदा तिने देवकीबायचं सगळं बोलणं ऐकून घेतलं, आणि तिच्यापाशी त्यातलं काहीही उरलं नाही.

"कितें उलयतालीं?" तिने सेजलला विचारलं.

"बाहेर बरें आयकूंक येनाशिल्लें. निमाणें तेवढें कळ्ळें." शेवटचं तेवढं सेजलने सांगितलं. "ती म्हणाली, मागीर येतली न्हय? आनी तूं म्हणाली, येतली."

येतली. म्हणजे, नंतर येशील ना, तर येईन.

सुमंगलाच्या सांगण्यावरून राणीने नंतर म्हापशाच्या भाच्याकडे देवकीबायच्या फोनची चौकशी केली. बाराव्यालाच फोनमधलं कार्ड काढून त्याने मोडून टाकलं होतं. फोन त्याच्या कपाटात बंद पडून आहे.

त्या दिवसानंतर टक झालं नाही. ठसे आपापल्या भोकांत असतात. देवकीबायचा बिल्ला खणात परत सापडला, कुलूपबंद. पण पाचव्या जागेवरच्या खिळ्याला एक नवा बिल्ला होता. अक्षरं वाकडीतिकडी, एक वर एक खाली, जशी देवकीबायची पडायची तशीच. त्यावर नाव होतं सुमंगला.

तो बिल्ला मी पाहिलाय. हातात घेतला नाही.

आता तिचं जाणं-येणं सगळ्यांना कळतं. मध्ये एकदा ताप आला, बिल्ला फळीवरच राहिला, खिडकीतून तो तसाच दिसला, तर दहा वाजता राणी तिच्या दारात हजर. सुमंगलाला भरून आलं. देवकीबायने भलंच केलं, असं तिला त्या दिवशी वाटलं. तिने साईशलाही फोन लावला, पण जहाजावर रेंज नव्हती.

पण दुपारी ती अजून झोपत नाही. पाचव्या जागेवर बसते, फोन सरळ ठेवते, आवाज पूर्ण मोठा. दोन दहा होतात, सव्वादोन होतात. कोणाचाच फोन येत नाही. संध्याकाळी ती बिल्ला खिळ्यावरून काढते, फळीवर लावते आणि कुलूप घालते.

सकाळी उघडते तेव्हा तो पुन्हा पाचव्या जागेवर असतो. रोज नाही, पण अलीकडे जास्त वेळा.

येईन म्हणून ती सांगून बसलीय. कुठे आणि कधी, हे तिला अजून आठवलेलं नाही.