उलटी काजं

बायको गेल्यावर दुकान वर्षभर बंद ठेवलं. पुन्हा उघडलं ते एकाच अटीवर: ज्या दिवशी देतो म्हटलं त्या दिवशी कपडा तयार. शिंप्यानं असं म्हणणं म्हणजे मांजरानं दुधाकडे पाठ फिरवणं, पण मी ते पाळत होतो. आयुष्यभर गिऱ्हाइकांना "उद्या या" म्हणत आलो. बायकोच्या दुखण्यात मुलीलाही फोनवर तेच सांगितलं, काळजीचं काही नाही, उद्या ये. ती आली तेव्हा घरात मी एकटाच होतो. "आता एकदा जरी खोटं बोललात, तर मला वडील नाहीत," ती म्हणाली. हल्ली ती रविवारी येऊ लागली होती. मला दुसरं काही नको होतं.

पूर्वी बेतणं-शिवणं माझं, काजं-बटणं बायकोची. आता सगळंच मी करायचो. कापड ओढून ओढून डावा हात खांद्यापासून बधिर व्हायचा. या धंद्यात एवढं चालायचंच.

एका सकाळी समोर नव्यानं दुकान टाकलेला औषधवाला नवाकोरा शर्ट घेऊन आला.

"अहो, काजं उलटी केलीत. बटण लावताना बोटं चुकतात."

आत माझ्याच दुकानाच्या नावाची पट्टी होती. कापड मात्र मी कधी पाहिलेलं नव्हतं. पुरुषांच्या शर्टाला काजं डाव्या बाजूला असतात, ही उजव्या बाजूला होती. लग्नानंतर पहिल्या वर्षी बायको हमखास ही चूक करायची, कारण माहेरी तिनं बायकांचेच कपडे शिवले होते. मी हसायचो, ती चिडून उसवायची. मी शर्ट उलटा करून पाहिला. प्रत्येक काजाच्या शेवटी दुहेरी गाठ होती. मी एकेरी मारतो.

"हा मी शिवलेला नाही." खरं तेच बोलत होतो, तरी चोरी पकडल्यासारखं वाटलं.

"थट्टा करताय का? परवा इथूनच नेला. तुम्ही मशीनवर होतात, मानही वर केली नाहीत. बाईंनी हातात दिला."

"कोण बाई?"

त्याची नजर माझ्या डाव्या हातावर गेली. मग म्हणाला, "मघापासून हात चोळताय. डॉक्टरांना दाखवा."

"उद्या जातो."

तो गेल्यावर मी चिंध्यांची पेटी उपसली. त्या कापडाचा तुकडासुद्धा निघाला नाही. मीच शिवून विसरलो असेन का? मग दुहेरी गाठ कुठून आली? आणि बाई? डोकं चालेना. शर्ट उसवायला घेतला आणि तसाच ठेवून दिला. माझा हात होईना.

दुपारी मुलगी आली. रविवार नव्हता. तिनं जावयांच्या मापाचा नवा शर्ट टेबलावर टाकला. त्याचीही काजं उलटी होती.

"आमच्या दारात ठेवलेला मिळाला, आत तुमच्या दुकानाचं नाव. बाबा, कामाला बाई ठेवलीत ना? मग सांगायला काय जातं?"

हो म्हटलं असतं तर विषय मिटला असता. तिला ते पटलंही असतं.

"कोणी ठेवलेली नाही. हा शर्ट मी शिवलेला नाही. ही काजं तुझ्या आईच्या हातची वाटतात. यापलीकडे मला काही कळत नाही."

तिचा चेहरा लाल झाला. "मग सकाळी दुकानाच्या नंबरावरून कोण बोललं? घसा बसलेला होता तिचा. ओळख ना पाळख, मला चक्क अगं-तुगं!"

शेवटच्या दिवसांत बायकोचा आवाज बसला होता. मुलीनं तो कधी ऐकला नव्हता. तिला ऐकायला मीच येऊ दिलं नव्हतं.

"काय म्हणाली?"

"म्हणाली, आजच ये. बाबा उद्या म्हणतील. ऐकू नकोस."

मी नकळत डावा हात चोळू लागलो.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "तुम्हाला काही होतंय का?"

उद्या सांगतो, हे शब्द अगदी ओठांवर आले होते.

"होतंय," मी म्हणालो. "बरेच दिवस. हात, आणि आता छातीतही."

ती रिक्षा बघायला धावली. जीव घुसमटत होता, म्हणून मी गळ्याचं बटण काढायला गेलो. अंगात माझाच जुना शर्ट होता, मीच शिवलेला.

बोटं चुकली.

खाली पाहिलं. काजं उजव्या बाजूला होती.