पाच वह्यांतली एक

सेल्लम्माची पत्र्याची पेटी संगीत सभेच्या व्हरांड्यात, सगळ्यांच्या देखत, उलटी केली गेली. दोन साड्या, खोकल्याच्या औषधाची बाटली, मेलेल्या नवऱ्याचा फोटो. हरवलेली वही काही निघाली नाही. तरी सेक्रेटरी वरदकुट्टींनी ठणकावलं, “उद्या दहापर्यंत वही मिळाली नाही तर मी पोलिसांत जाणार. आणि मागची खोली आजच रिकामी करायला लाग.”

मैलापूरच्या या सभेत सेल्लम्मा बावीस वर्षं झाडलोट करत होती आणि सभेच्या मागच्याच खोलीत राहत होती. ऑफिसची आणि हॉलची किल्ली तिच्या कमरेला असायची. वरदकुट्टींना एवढा पुरावा पुरला.

बायकांच्या घोळक्यात कोमळवल्ली मामी हे बघत उभ्या होत्या. पस्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, आता मार्गळीचा अख्खा महिना मैफली ऐकायच्या आणि वहीत लिहायच्या, हे त्यांचं आयुष्य. त्या उलट्या पेटीकडे बघून त्यांच्या मनात आलं. उद्या हीच बाई रस्त्यावर, आणि आपण उद्याही चार वाजता वही घेऊन येऊन बसणार? छे.

वहीचं काय एवढं, असं मैलापुरात कुणी विचारत नाही. गाणारी बाई काय गाणार ते आधी सांगत नाही. राग आपणच ओळखायचा आणि लिहायचा. कुणी नुसती यादी लिहितं, कुणी जीव ओततं. सुंदरेशन जीव ओतणारे. ते गेले, आणि त्यांच्या पत्नी वैदेही यांनी त्यांच्या पाच वह्या सभेला दिल्या. उद्याच्या समारंभात त्या काचेखाली उघड्या मांडायच्या होत्या. त्याच समारंभात नागस्वामींना उत्तम रसिक म्हणून शाल मिळायची होती. पेपरात वर्षानुवर्षं सदर, त्याचं पुस्तक, मान तर मोठाच.

मामींनी वरदकुट्टींना गाठलं.

“वह्या शेवटच्या कधी पाहिल्या?”

“चारला. गाणं सुरू होताना. पाचही होत्या, मी मोजल्या.”

“आणि एक गेल्याचं कधी कळलं?”

“पावणेसहाला, मृदंगाची तनी सुरू झाली तेव्हा. गाणं थांबून नुसता मृदंग, म्हणून अर्धा हॉल कॅन्टीनकडे निघाला, मी कुपनं आणायला ऑफिसात गेलो. चारच वह्या. कुलूप शाबूत.”

“कुठली गेली?”

“चौऱ्याहत्तर सालची. गठ्ठ्यातली मधली.”

मामी थबकल्या. सेल्लम्माला अक्षरओळख नव्हती. तिने चोरायच्याच ठरवल्या असत्या तर वरची उचलली असती, नाहीतर पाचही. मधलीच नेमकी कशी काढली?

सेल्लम्मा पायरीवर बसून साड्यांच्या घड्या घालत होती. मामी तिच्याशेजारी बसल्या. दुसरी किल्ली आहे का, असं विचारल्यावर ती म्हणाली की तिकीट खिडकीमागच्या खिळ्याला असते, सभेच्या सगळ्या जुन्या मंडळींना ठाऊक आहे.

“चार ते पावणेसहा तू कुठे होतीस?”

“हॉलमध्ये, मागच्या भिंतीला टेकून. मला राग कळत नाहीत, अम्मा. पण ती बाई गायला लागली की माझा पाय निघत नाही.”

“कुणी पाहिलं तुला?”

“मला कोण बघतंय?”

इतकी वर्षं मामींनीही कधी मागे वळून पाहिलं नव्हतं.

तेवढ्यात नागस्वामी आले आणि कुणी काही न विचारताच त्यांनी आपली वही पुढे केली. आपण पहिल्या रांगेत होतो, तनी सुरू होईपर्यंत जागचे हललो नाही, ही बघा अख्खी यादी. वरदकुट्टी ओशाळून म्हणाले, तुम्हाला कोण विचारतंय, मामा. पण यादी सगळ्यांनी पाहिली, मामींनीही. तनीच्या वेळी कॅन्टीनमध्ये याच नागस्वामींनी मामींची वही ओढून घेतली होती. “बघू, आज काय काय दिवे लावलेत,” म्हणून चिडवलं आणि कोपऱ्यातल्या टेबलावर दहा मिनिटं ती घेऊन बसले होते. त्यांची ही खोड जुनी, मामींनी मनावर घेतलं नव्हतं.

आजची गाणारी बाई फाटकाशी गाडीत बसत होती. मामींनी नमस्कार केला. बाई खुशीत होती, म्हणाली, आज नायकी मनासारखी झाली. मामींनी ‘दरबार’ लिहिलं होतं. दरबार आणि नायकी हे राग जुळ्या बहिणींसारखे, भले भले फसतात, आणि फसणाऱ्यांची नागस्वामी दरवर्षी आपल्या सदरात यथेच्छ टिंगल करतात. मामींनी बाईच्या शिष्येकडून गाण्यांच्या यादीची चिठ्ठी मागून घेतली. तनीपर्यंत सहा गाणी होती. मामींच्या वहीत पाच. एक छोटं गाणं त्यांच्या वहीत नव्हतंच.

मामी वैदेहींकडे गेल्या. वैदेहींनी फार काही सांगितलं नाही. चौऱ्याहत्तरची वही नागस्वामींनी एकदा वाचायला नेली होती आणि वर्षभर परत केली नव्हती, एवढंच.

सकाळी नऊला ऑफिसात पाच माणसं होती. वरदकुट्टी, वैदेही, सेल्लम्मा, मामी, आणि शालीसाठी इस्त्रीचं वेष्टी-धोतर नेसून आलेले नागस्वामी.

“नागस्वामी, कालचं तिसरं गाणं कुठल्या रागातलं?” मामींनी विचारलं.

त्यांनी वही उघडली. “दरबार.”

“तनीपर्यंत किती गाणी झाली?”

“पाच.”

मामींनी चिठ्ठी टेबलावर ठेवली. “ही गाणाऱ्या बाईंची यादी. तिसरं नायकी. आणि गाणी सहा.”

नागस्वामी हसले. “माणूस आहे, चुकलो असेन.”

“चुकले मी,” मामी म्हणाल्या. आपली वही त्यांनी उघडून ठेवली. “चाळीस वर्षं ऐकतेय, आणि काल नायकीला दरबार लिहून बसले. आणि चौथं गाणं मी ऐकलंच नाही. एकादशीचा उपास होता, खुर्चीत डोळा लागला. एक चूक दोघांची सारखी होऊ शकते. पण मी झोपले म्हणून तुमचं गाणं कसं गळलं? वर्गात अशी दोन पोरं सापडली की मी एवढंच बघायची, कोण कुणाच्या मागे बसलं होतं.”

वरदकुट्टींनी दोन्ही वह्या शेजारी ठेवून पाहिल्या आणि ते खाली बसले.

“गाणं चालू असताना तुम्ही हॉलमध्ये नव्हता,” मामी पुढे म्हणाल्या. “खिळ्यावरची किल्ली घेऊन इथे होता. तनीच्या गर्दीत मिसळलात आणि माझी यादी उतरवून घेतलीत. आज त्या वह्या काचेखाली उघडल्या असत्या, आणि तुमचं पुस्तक पाठ असलेली दोनशे माणसं त्या वाचणार होती. तुमच्या पुस्तकातलं सगळ्यात गाजलेलं प्रकरण चौऱ्याहत्तरचं आहे.”

नागस्वामींनी पिशवीतून चौऱ्याहत्तरची वही काढली. घरी ठेवली असती तर सुनेच्या हाती लागली असती, आणि फाडायला हात धजेना, असं ते पुटपुटले.

वैदेहींनी वही घेतली, पान शोधलं आणि वाचलं, “‘तोडी संपली. शेजारी वैदेही रडते आहे. मी तिच्याकडे पाहिलं नाही, पाहिलं असतं तर थांबली असती.’” त्यांनी चष्मा काढला. “तुमच्या पुस्तकात तिथे तुमची बायको रडते. ती रडणारी मी होते, नागस्वामी. त्यांनी माझ्याबद्दल लिहिलेलं हे एवढंच आहे.”

नागस्वामींनी मान खाली घातली. “माझ्या कानांना राग कळतो,” ते म्हणाले, “पण मला आतून कधी काही झालंच नाही. त्यांना व्हायचं. ते मला हवं होतं.”

मामींना त्यांचा राग आला होता, तो तसाच राहिला, पण वाईटही वाटलं.

वरदकुट्टी घाईने उठले. समारंभाला अर्धा तास उरला होता. शाल रद्द, पत्रकारांना काहीतरी सांगता येईल, असं म्हणून ते सेल्लम्माकडे वळले, जा, हॉल उघड, झालं गेलं विसर.

सेल्लम्माने कमरेच्या किल्ल्या सोडल्या आणि टेबलावर ठेवल्या.

“पेटी सगळ्यांसमोर उलटी केलीत, अय्या. चोर नाही हे इथे चौघांत सांगून कसं चालेल? माइकवर सांगा. मग उघडते.”

“अगं, मंत्री येणार आहेत...”

“येऊ देत की. तेही ऐकतील.”

वरदकुट्टींनी मामींकडे पाहिलं. मामी खिडकीबाहेर बघत राहिल्या. वैदेहींनी मांडीवरची वही मिटली आणि म्हणाल्या, तोवर वह्या काचेखाली जाणार नाहीत.

दहा वाजता वरदकुट्टींनी स्वतः हॉल उघडला. दिव्याआधी, प्रार्थनेआधी ते माइकसमोर उभे राहिले, दोनदा घसा खाकरला, आणि सेल्लम्माची माफी मागितली. सगळा हॉल मागे वळला. भिंतीला टेकून उभी असलेली ती बाई बावीस वर्षांत पहिल्यांदाच सगळ्यांना दिसत होती. मामींनी शेजारच्या खुर्चीवरची आपली पिशवी उचलली आणि तिला हाक मारली.

सेल्लम्मा आली आणि बसली.