फाईल तुमची, काळजी माझी

दवाखान्यातल्या औषधांच्या खिडकीपाशी ताटकळत उभं राहणं कुणाच्या गुडघ्यांना परवडतंय! म्हणून तिथली पद्धत अशी, की आपली फाईल कट्ट्यावर रांगेत ठेवायची आणि आपण खुशाल बाकावर बसायचं.

त्या दिवशी शिवणबाईंच्या शेजारी चौकातले चष्मेवाले येऊन बसले. पिकलेले केस, कडक इस्त्री, पण...

"शर्टाचं एक बटण गेलंय तुमच्या," बाई न राहवून म्हणाल्या. मुलींना शिवण शिकवण्यात जन्म गेलेला, नजर तिथेच जायची.

"महिना झाला. आज पहिल्यांदा कुणाला तरी दिसलं," ते हसले.

तेवढ्यात त्यांचा पुकारा झाला. औषधं घेतली, फाईल उचलली आणि निघाले.

घरी येऊन बाईंनी आपली निळी फाईल उघडली, तर आत भलत्याच माणसाचे रिपोर्ट! दुसऱ्याचं वाचू नये हे कळत होतं. पण कुणाची ते शोधायचं, तर पानं उलटावी लागणारच ना? चौकातल्या चष्म्यांच्या दुकानाचा पत्ता तिसऱ्या पानावर सापडला, तरी बाई चौथ्यावर गेल्या. हृदयाच्या एका नळीत अडथळा आहे, असं डॉक्टरांनी लिहिलं होतं. खाली आरोग्यविम्याचा अर्ज. 'हृदयविकार आहे का?' त्यापुढे ठसठशीत अक्षरात... 'नाही'.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधीच बाई पायरीवर हजर.

"चष्मे विकता आणि दुसऱ्याची फाईल घेऊन जाता?"

"काल चष्मा घरी राहिला होता हो..." चष्मेवाल्यांचे कान लाल झाले. बाईंची फाईल त्यांनी कपाटातून अलगद काढली.

"आणि हे उत्तर? तेही चष्म्याशिवाय लिहिलंत?" बाईंनी अर्जावर बोट ठेवलं.

"तुम्ही वाचलंत?"

"तुम्ही माझी नाही वाचली?"

"...वाचली. साखर फार छान आहे तुमची."

बाईंना हसू आलं. त्यांनी ते दाबलं. "उद्या ॲडमिट व्हायची वेळ आली आणि कंपनीने हात वर केले, तर? लपवलेला आजार शोधून काढतात ते."

"कंपनीला कोण भितंय! अर्जाचा फोटो आज संध्याकाळी लेकीला जाणार, ती तपासून ऑनलाइन भरणार. नुकतीच परगावी नोकरीला लागलीय. 'आहे' लिहिलं, तर सगळं सोडून उद्या दारात उभी राहील."

बाई काउंटरवरची एक फ्रेम उगाच उघडमीट करत राहिल्या.

"आमच्या ह्यांनीही असंच लपवलं होतं. छातीतलं दुखणं. मला डॉक्टरांनी सांगितलं, दवाखान्याच्या व्हरांड्यात... हे गेल्यानंतर. इतकी चिडले होते मी! पण चिडायचं कुणावर?"

चष्मेवाल्यांनी बाईंची फाईल उघडली. मग हळूच म्हणाले, "तुमच्या फाईलीत तीनदा लिहिलंय, गुडघ्याचं ऑपरेशन पुढे ढकललं. सोबत कुणी नाही."

"ते वेगळं."

"काही वेगळं नाही. मी येतो ना सोबत."

"तुम्ही? तुम्ही स्वतःच पेशंट!"

"म्हणूनच तर. मला सांभाळायचं म्हणून तुम्ही लवकर चालायला लागाल."

"भारीच आहात हो!" बाईंनी मान वळवली खरी, पण गालावरची खळी काही लपली नाही. "आधी फोन लावा लेकीला."

त्यांनी लावला. दोनदा घसा खाकरला. आणि सांगून टाकलं, सगळं.

पलीकडे आधी रडणं, मग रागावणं, मग पुन्हा रडणं. "मी अर्जात खरं तेच लिहून पाठवतेय, बाबा. पण आज कसं काय सांगितलंत? कुणी बोलायला लावलं तुम्हाला?"

चष्मेवाल्यांनी फोनवर हात ठेवला. "काय सांगू? तुम्ही... कोण माझ्या?"

बाईंच्या काळजात धडधडलं. इतक्या वर्षांनी, आणि तेही चष्म्यांच्या दुकानात! त्यांनी फोन आपल्याकडे घेतला.

"बाळ, नोकरी सोडू नकोस. बाबांच्या प्रत्येक तपासणीला आता मी असेन. शेवटपर्यंत."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. मग जरा चाचरतच प्रश्न, "आणि काकू... तुमच्या तपासणीला कोण असतं?"

बाईंनी वर पाहिलं. काउंटरपलीकडे चष्मेवाले वर्गातल्या मुलासारखा हात वर करून उभे होते.