पाटी अण्णांची

अण्णा जाऊन वर्ष झालं, तरी त्यांचा दारवान गडहिंग्लजात कामावर हजर होता. त्या काळी प्रत्येक घराच्या पत्त्यावर असा एक दारवान असे. हाडामांसाचा नव्हे, यंत्रातला. कुणी हाक दिली की तो आधी बघायचा, पाहुणा आला कुठून. आपल्याकडे पाणी विचारण्याआधी 'तुम्ही कोणाकडचे?' विचारतात, तसंच. नगरपालिकेकडून हाक आली की सांगायचा, "मालक वारले. मुलीच्या पत्त्यावर जा." पाहुण्याच्या हातातला पत्ता बदलायचा आणि तो निमूट तिकडे वळायचा.

पंचाईत झाली ती अण्णांच्या बहिणीची, इंदूआक्कांची. वय चौऱ्याऐंशी, नजर गेलेली, आठवणीची पार चाळण. बेळगावच्या वृद्धाश्रमातून त्या रोज चारच्या चहाला अण्णांना हाक मारायच्या. दारवान त्यांनाही तेच ऐकवायचा. भाऊ रोज नव्यानं जायचा, आणि आक्का रोज पहिल्यांदाच ऐकल्यासारख्या रडायच्या.

दोघांचा धाकटा भाऊ रत्नाकर टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेला. तो पुतणीला म्हणाला, "केतकी, दारवान ठेवलायस की यमदूत?"

दारवान केतकीनंच रचला होता. ती म्हणाली, "काका, दुसरी रीत आहे. पाहुण्याला वाटेला लावायचंच नाही. पाटी बाबांचीच ठेवायची आणि आतल्या आत दुसऱ्या खोलीत न्यायचं. त्याला पत्ताच लागत नाही. फक्त बेळगावहून हाक आली तरच हं. आत बाबांच्या आवाजाचं यंत्र बसवू?"

"यंत्र कशाला? मी काय मेलोय? अण्णाचा नि माझा आवाज इतका एक, की माझ्या लग्नात आवाज ऐकून भटजीनं अण्णालाच नवरा समजून सावधान केलं होतं!"

पथ्य एकच होतं. रत्नाकरची ती जन्माची 'आक्का'. थोरल्या अण्णांची 'इंदी'. चार दिवस जीभ अडखळली, मग सरावली. आक्का हसू लागल्या, पोटभर जेवू लागल्या.

तीन महिन्यांनी एकदा त्या म्हणाल्या, "अण्णा, रत्न्या का रे बोलत नाही माझ्याशी?"

"कामात असतो गं, इंदे."

"निवृत्ताला कसलं डोंबलाचं काम? गोवर आला तेव्हा चौदा दिवस मांडीवर घेऊन बसले होते मी त्याला. विसरला मेला."

रोज तासभर बोलत होता रत्नाकर, पण आक्कांच्या लेखी एकदासुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी त्यानं चार वाजायची वाट पाहिली नाही. दारवानाला बाजूला ठेवून स्वतःच्या पत्त्यावरून थेट बेळगावला हाक दिली.

"आक्का, मी रत्न्या बोलतोय."

पलीकडे खुदकन हसू. "अण्णा, पुरे हं! 'आक्का' म्हणतोस अगदी त्याच्यासारखं, पण आवाज मी ओळखत नाही होय तुझा?"

"अगं, खरंच मी आहे. तुझा रत्न्या."

हसू थांबलं. मग आक्कांनी, लहान पोरीनं विचारावं तसं हळूच विचारलं, "त्याचं सोंग तुला का घ्यावं लागतंय, अण्णा? लपवू नकोस माझ्यापासून. आपला रत्न्या... आहे ना रे?"