तळाचा घास

समुद्राच्या तळाशी राहायचं आणि वर पुन्हा काचेच्या पेटीत मासे पाळायचे, याला हौसच म्हणायची. पण तळनगराच्या जाड काचांपलीकडे नुसता अंधार आणि गाळ होता. मासा कसा असतो हे पोरांना दाखवायचं तर पेटी हवीच, असा हट्ट धरून बालवाडी चालवणाऱ्या शेवंता तांडेलनं ती मिळवली होती. तिची स्वतःची मनवाही त्याच बालवाडीत होती.

पेटीत दोन जातींचे मासे होते. वरच्या पाण्यात मिरवणारे तांबूस आणि तळाशी सरपटणारे मिशाळ. वरून खाण्याचा चुरा टाकला की तांबूस त्यावर तुटून पडत. मिशाळांना खाली पोचेल ते. तळाचे मासे उरलंसुरलं खाऊन जगतात, त्यांना वेगळं काही लागत नाही, असं सगळेच म्हणत. शेवंताही तेच म्हणायची. मिशाळ दिवसभर गाळात तोंड खुपसून खातही असत. मग त्यांची पोटं खपाटीला का गेली, हे काही तिला कळेना.

अन्नविभागाचे डॉ. उपासनी भला माणूस. तळनगर रोज जी करडी, दाट तळपेज मिटक्या मारत खाई, ती त्यांच्याच प्रयोगशाळेतून येई. शेवंता त्यांच्याकडे गेली.

"तळाचा मासा म्हणजे काही झाडूवाला नव्हे, शेवंताताई," ते हसून म्हणाले. "त्याला त्याचा स्वतःचा घास लागतो. जड, पटकन बुडणारा. मासळीच्या कुटाची वडी द्या. गाळानं पोट भरतं, अंग भरत नाही."

"मग खातात कशाला मेले? काय खावं ते मुक्या जिवाला बरोबर कळतं."

"कळतं ते चवीमुळे. चव ओळखणाऱ्या पेशी आपल्या जिभेवर असतात, मिशाळाच्या मिशांवरही असतात. त्यातल्या कडू ओळखणाऱ्या पेशी म्हणजे दारावरचा राखणदार. नको ते आत येऊ देत नाहीत." उपासनींचा आवाज आता पोराचं प्रगतिपुस्तक दाखवणाऱ्या बापासारखा झाला. "तुमचे मासे आमच्याच प्रयोगशाळेतले. त्यांचा आम्ही रुचिपालट करून पाहिलाय. एका निरुपद्रवी विषाणूबरोबर बदललेलं जनुक त्या पेशींत धाडायचं. मग राखणदारच फितूर होतो. आता त्यांना गाळ गोड लागतो."

त्यांनी वड्या दिल्या. शेवंतानं एक पेटीत सोडली. ती सरळ तळाशी गेली आणि एका मिशाळाच्या पुढ्यात पडली. त्यानं मिशी लावून पाहिली, अंग चोरलं आणि पुन्हा गाळात तोंड घातलं. दुसऱ्या दिवशी वडी तिथेच फुगून विरघळली होती. योग्य घास समोर होता आणि खायला कुणी तयार नव्हतं.

त्याच आठवड्यात पाडवा आला. बागघरात दिव्यांच्या उजेडावर वाढवलेला एक कडुनिंब होता. शेवंतानं त्याची पानं बालवाडीत वाटली. तिच्या लहानपणी कोळीवाड्यात पाडव्याचं पान खायच्या वेळी पोरं होड्यांमागे लपत. आई एकेकाला ओढून आणी. इथं पोरांनी रांग लावली होती. गुळाकडे कुणी बघितलंही नाही.

"आई, अजून मूठभर दे ना," मनवा म्हणाली.

ऊन नाही, माती नाही, झाडात कडूपणा येणार कुठून, असं तळनगरात दर पाडव्याला म्हणत. आज मात्र तो मिशाळ शेवंताच्या डोळ्यांपुढून हलेना. तिनं एक पान सावकाश चावलं. कोवळ्या शहाळ्यातल्या मलईसारखं लागलं. तिनं मनवाचा पुढे केलेला हात पाहिला. मनगटातली बांगडी घसरून कोपरापर्यंत गेली होती.

"आमचा रुचिपालट कधी केलात?" तिनं उपासनींना दारातूनच विचारलं.

त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत. "वरून अन्न आणणारी जहाजं बंद पडली होती तेव्हा. गाळातल्या शेवाळाची पेज, एवढंच होतं आपल्यापाशी. पोरं थुंकायची, रडून रडून उपाशी झोपायची. मला ते बघवेना. पिण्याच्या पाण्यातून दिलं. मीही तेच पाणी प्यायलो. तेव्हापासून तळनगरात जेवताना एकही मूल रडलेलं नाही, शेवंताताई."

"आणि पेजेनं अंग भरतं?"

"जीव तगतो."

"अहो, पण आता तर जहाजं येतात!"

"येतात ना. तांदूळ, डाळ, सुकट, सगळं कोठारात पडून आहे. एकदा घरोघर वाटूनही पाहिलं. लोकांनी कुजलंय म्हणून परत आणून दिलं. फितूर राखणदार चांगलंही आत येऊ देत नाही."

शेवंताला आठवलं. तिनंही परत दिलं होतं, वर भांडून.

"उलटं करता येतं?"

उपासनींनी नकारार्थी मान हलवली. त्यांच्या एक मुस्काटात द्यावी असं तिला फार वाटलं. पण त्यांच्या गालाची हाडंही वर आली होती, आणि त्याचा तिला जास्तच राग आला.

ती कोठारातून तांदूळ आणि सुकट घेऊन आली. कांद्यावर सुकट परतली तशी खोलीभर दुर्गंधी सुटली. ज्या वासानं लहानपणी ती शाळेतून धावत घरी यायची, तोच हा वास, हे तिला पक्कं ठाऊक होतं. शेजारी झाकलेल्या पेजेनं मात्र तोंडाला पाणी सुटत होतं. या आपल्याच तोंडाची तिला किळस आली.

"ई, घाण! मला पेज दे," मनवा मागे सरली.

शेवंतानं पहिला घास स्वतः घेतला आणि डोळे मिटून गिळला. मग मनवाला मांडीवर आडवं घेतलं, नाक दाबलं आणि एरंडेल पाजावं तसा घास तोंडात कोंबला. "गीळ, बाय. गीळ."

मनवानं हंबरडा फोडला. जेवताना मूल रडतंय, हे तळनगर विसरूनच गेलं होतं. शेजारणी दारात गोळा झाल्या.

"अगं, काय घालतेस पोरीच्या तोंडात?" एकीनं पदर नाकाला लावत विचारलं.

"जेवण," शेवंता म्हणाली आणि दुसरा घास कालवू लागली.