केशरी साखर

हरणगडाच्या पूर्वकड्यावर तांबडे फुटले, खोऱ्यातले धुके दरीदरीने वर चढू लागले आणि त्या धुक्याच्या फाटक्या कडेतून सरदार सटवोजीराव वाघचौड्यांच्या छावणीतल्या राहुट्या एकेक करून उघड्या पडू लागल्या, तेव्हा गडाच्या नगारखान्यात उरलेला एकुलता एक नगारची आपल्या थकल्या हातांनी पहाटेची नौबत झडवीत होता. वेढ्याला चार महिने होत आले होते. पागेतली घोडी कधीच संपली होती आणि त्यांचा दाणा माणसे भरडून खात होती. पण गडाच्या धनीण मैनाबाईसाहेब घोरतळे यांचा सक्त हुकूम होता, की नौबत एक दिवसही चुकता कामा नये. वर्षामागे त्यांचे यजमान रणात पडले, मांडीवर दीड वर्षाचे लेकरू राहिले आणि बाईमाणसाच्या हातून गड हिसकावणे म्हणजे झाडावरचे पिकले फळ तोडण्याइतके सोपे, असे वाटून वाघचौडे चालून आले होते. बाईसाहेबांनी त्यांना चार महिने खाली उन्हात तिष्ठत ठेवले होते.

नौबतीचा आवाज कानी पडताच निलाक्का साखरखान्याच्या मागच्या झरोक्याशी आली आणि सवयीने खाली तळ्याकडे पाहू लागली. पाहता पाहता ती झरोक्याची चौकट धरून पुढे वाकली.

तळे तटाच्या बाहेर, अगदी पायथ्याशी होते आणि बुरुजावरच्या तोफेच्या माऱ्यात असल्याने वाघचौड्यांची माणसे दिवसाउजेडी तिकडे फिरकत नसत. त्या तळ्यातल्या दाट, गार शेवाळापायीच निलाक्काचे सासरे रेवणशेट कर्नाटकातून एक बैल आणि बैलावर एक लोखंडी कढई घेऊन या गडावर आले होते. तांबूस कच्ची साखर टोपल्यांत भरायची, वर ओल्या शेवाळाचा थर द्यायचा. शेवाळाचा ओलावा थेंबाथेंबाने खाली उतरतो आणि मळी धुऊन नेतो. वरचा पांढरा थर खरवडून घ्यायचा आणि पुन्हा ताजे शेवाळ. घाई करणाऱ्याचे हे काम नव्हे. रेवणशेटांनी पहिली साखर दरबारी नेली तेव्हा गडाचे त्या वेळचे धनी थोरले महाराज इतके खूश झाले, की तळ्याकडे उतरायला तटात एक लहानसा दरवाजा पाडून त्यांनी त्याची किल्ली आणि पहारा दोन्ही शेटांच्या हवाली केला. वाण्याच्या हाती गडाची किल्ली, म्हणून मानकऱ्यांनी नाके मुरडली. महाराज हसून म्हणाले होते, "ज्याला साखर मळलेली खपत नाही, त्याला इमान मळलेलं कसं खपेल?"

त्या एका वाक्यावर रेवणशेटी घराणे उभे राहिले. गडावर पुत्रजन्म असो, लग्न असो, की फत्ते असो, हत्तीवरून उधळायची साखर त्यांच्याच घरची. आणि ती धुवायला दिवस लागत, म्हणून दरबारचा आनंद सगळ्यांच्या आधी साखरखान्यात कळवावा लागे.

पण यंदा बाईसाहेबांनी धुलाई बंद ठेवली होती. धुताना निम्मी साखर मळीबरोबर वाहून जाते. तेवढ्यात दहा जखमी जगतात, असे त्यांचे म्हणणे होते. निलाक्काने वेढा पडल्यापासून शेवाळाला हात लावला नव्हता. आणि आज तळ्याच्या हिरव्या पाठीवर, काठालगत, अंगणाएवढा तुकडा सोलून काढल्यासारखा मोकळा दिसत होता. ते पाणी उगवतीच्या उजेडात लखलखत होते.

ती तडक मागच्या कोठीत गेली. पोत्यांच्या थप्पीआड सहा टोपल्या होत्या. तिने वरचे शेवाळ उचलले. खाली साखर मोगऱ्यासारखी पांढरी होती. थर कितीदा तरी खरवडून झाले होते, शेवाळ कितीदा तरी बदलले गेले होते. हात शिकलेला होता. तिनेच शिकवलेला होता. कोनाड्यात एक चांदीची डबी होती. ती उघडताच केशराचा वास कोठीभर पसरला.

निलाक्काने डबी उजेडात नेऊन पाहिली. घोरतळ्यांची साखर पांढरी उधळत. केशरी साखर वाघचौड्यांची. साऱ्या मुलखाला हे ठाऊक होते.

"वहिनी?"

दारात वीरभद्र उभा होता. तिचा धाकटा दीर. सासूबाई गेल्या तेव्हा तो पाळण्यात होता. नवरा गेला तेव्हा मिसरूड फुटायचे होते. निलाक्काला मूलबाळ नव्हते आणि तिने कधी त्याची खंत केली नाही, कारण हा होता. आता दरवाज्याची किल्ली त्याच्या कंबरेला असे.

"हे कुणाच्या आनंदाचं, वीरभद्रा?"

"कुमक येतेय म्हणतात. म्हटलं, तयारी असावी."

"कुमक येतेय, तर केशर कशाला? आणि चार महिन्यांच्या वेढ्यात ते आलं कुठून?"

वीरभद्राने तिच्या हातातल्या डबीवरून नजर वळवली.

"अरे, द्रोहच करायचा होता तर कच्च्या साखरेलाच केशर चोळायचंस! तळ्यावर गेला नसतास, तर मला जन्मात कळलं नसतं."

"कच्च्या साखरेवर केशर चिखलासारखं दिसतं, वहिनी." त्याच्या स्वरात क्षणभर खरोखरीचे आश्चर्य होते. "तुम्हीच शिकवलंत ना? तसली साखर मी रेवणशेटांच्या नावानं कशी उधळू देईन?"

हे ऐकून हसावे की कपाळ बडवावे, हे निलाक्काला कळेना. मग त्याने सगळे सांगितले. उद्या पहाटे, धुके असताना, तळ्याकडचा दरवाजा उघडायचा. मोबदल्यात वाघचौड्यांच्या मुलखात, तांबव्याला चार चुलाणांचा साखरखाना आणि साऱ्या परगण्याचा साखरेचा मक्ता. "इथं काय आहे, वहिनी? एक कढई आणि एक तळं. गड आज ना उद्या पडणारच. पडला म्हणजे आपणही चिरडले जाऊ. मी घराण्याचं नाव वाचवतोय."

"आणि बाईसाहेब? ते लेकरू?"

"सुखरूप ठेवू म्हणालेत."

"तुला खरं वाटलं?"

मग एकाएकी तो तिच्या पायांवर कोसळला आणि लहानपणी रडत असे तसाच रडू लागला. "चुकलो, वहिनी. मोह पडला. बाईसाहेबांना सांगू नका, माझा कडेलोट होईल." गळ्यातले इष्टलिंग मुठीत धरून त्याने शपथ घेतली, की दरवाजा उघडणार नाही, आणि कंबरेची किल्ली सोडून तिच्या ओंजळीत ठेवली.

इथे निलाक्काने बाईसाहेबांकडे धाव घ्यायला हवी होती, हे सांगायला शहाणपण लागत नाही. पण कडेलोटाची जागा तिच्या अंगणातून दिसत असे आणि ज्याला आपण घास भरवला, त्याला त्या कड्यावर उभा करायला जीभ उचलत नाही. तिने किल्ली पदरात बांधली आणि गप्प राहिली.

संध्याकाळी बाईसाहेब स्वतः लेकराला कडेवर घेऊन साखरखान्यात आल्या. या चार महिन्यांत त्यांचे वय पाच वर्षांनी वाढल्यासारखे दिसत होते. "निलाक्का, जखमींना आणखी महिनाभर सरबत पुरेल ना?" त्यांनी विचारले. "गडावर सगळेच आम्हांला आशा देतात. खरं सांगणारं माणूस म्हणून तुमच्याकडे येतो."

"पुरेल, बाईसाहेब," निलाक्का म्हणाली. तिला त्यांच्या डोळ्यांत पाहवले नाही. लेकराने मात्र तिच्या पदराच्या गाठीशी खेळून घेतले.

दुसऱ्या दिवशी उजाडण्यापूर्वीच तिने चुलाण पेटवले. त्या सहा टोपल्या कुणाच्या नजरेस पडल्या तर वीरभद्र मेलाच. तेव्हा सगळी साखर कढईत विरघळवून तिचा पाक करायचा, सरबताला लावायचा आणि झाले गेले पोटात घालायचे, असा तिचा विचार होता. पांढरी साखर कढईत ओतताना तिला हळहळही वाटली, इतकी ती सुरेख उतरली होती. थोड्याच वेळात पाकाला मोठमोठे बुडबुडे फुटू लागले.

तेवढ्यात खालून कुलपाचा आवाज आला.

तिने पदर चाचपला. किल्ली जागच्या जागी होती. म्हणजे दुसरी किल्ली होती, आणि तीच घेऊन वीरभद्र रात्री बाहेर गेला होता. काल तो पायांवर पडून रडत होता, इष्टलिंग मुठीत धरून शपथ वाहत होता, तेव्हाही ती त्याच्याजवळ होती.

साखरखान्याच्या ओट्यापासून दरवाज्यापर्यंत दोन भिंतींमधून अरुंद पायऱ्या उतरत होत्या. एका वेळी एकच माणूस चढू शकेल, अशी ती वाट होती. दार उघडले. धुके आत शिरले आणि धुक्यापाठोपाठ वीरभद्र. त्याच्यामागे नंग्या तलवारी घेतलेले वाघचौड्यांचे धारकरी. वर चुलाणाच्या उजेडात निलाक्का उभी होती. कढई कलती करायचा लांब दांडा तिने कडीत घातला होता.

"वीरभद्रा," ती म्हणाली, "वर ये. बाळा, तू वर ये आणि बाजूला हो."

तिला ओरडता आले असते. बुरुजावरची माणसे हाकेच्या टप्प्यात होती. पण तो आधी वर यावा म्हणून ती थांबली. वीरभद्रानेही तिच्याकडे पाहिले, आणि मग मागे वळून तो धारकऱ्यांना म्हणाला, "एकटीच आहे. ओरडायच्या आत आवरा तिला."

कढई उतू जाऊ लागली म्हणजे गड्यांना सांगत असे, त्याच स्वरात तो हे बोलला.

निलाक्काने अंगाचा सारा भार दांड्यावर टाकला. एरवी ज्या कामाला दोन गडी लागत, ते त्या एका बाईने कोणत्या बळावर केले, हे गडावर पुढे पुष्कळ वर्षे बोलले गेले. कढई कलली आणि उकळता पाक पायऱ्यांवरून खाली धावला. तेल ओघळून तरी जाते. पाक जिथे लागतो तिथे चिकटून बसतो. जी किंकाळी उठली तिने बुरूज जागा झाला. पुढचे मागच्यांवर कोसळले, मागचे दाराबाहेर रेटले गेले. वीरभद्र भिंतीला चिकटला होता. डावा हात कोपरापर्यंत भाजलेला घेऊन तोही बाहेर पळाला. आत नव्हे, बाहेर.

पण दार उघडेच होते आणि धुक्यात आणखी माणसे होती. कोठीतले काढून टाकलेले ओले शेवाळ निलाक्काने कवेत घेऊन पायऱ्यांवर फेकले आणि त्यावर पाय देत ती उतरली. शेवाळ सगळीकडे पुरले नाही. जिथे पुरले नाही तिथेही ती थांबली नाही. तिने दार लोटले, अडसर घातला आणि त्याला पाठ लावून उभी राहिली. वरून तोफ धडाडली तेव्हा कुठे तिला आपल्या पायांची जाणीव झाली.

बाईसाहेब धावत आल्या. शिबंदी गोळा झाली. निलाक्काला उचलून ओट्यावर निजवले होते.

"दरवाजा कुणी उघडला?"

"माझ्या दिरानं, बाईसाहेब. आणि काल सकाळी ते मला कळलं होतं."

बाईसाहेब तिच्या भाजलेल्या पायांकडे पाहत होत्या. "काल आम्ही इथं या लेकराला घेऊन बसलो होतो, निलाक्का. आणि आज तुम्हीच गड राखलात. आम्ही यातलं काय धरावं?"

"दोन्ही धरावं," निलाक्का म्हणाली आणि तिने पदराची गाठ सोडून किल्ली त्यांच्या पायांशी ठेवली.

"तुमची सेवा आमच्या महाली होईल," बाईसाहेब म्हणाल्या. "दरवाजा मात्र आजच चिणून टाका."

दरवाजा चिणला गेला, शेवाळ तळ्यात राहिले आणि रेवणशेटांची कढई उलटी पडली ती पुन्हा चुलाणावर चढली नाही. महिन्याभराने दाणागोटा संपून वाघचौडे उठून गेले. निलाक्का चालू लागली, पण काठीच्या आधाराने.

पुढे पंधरा-सोळा वर्षांत काय काय झाले, ते राज्यकारभार जाणणाऱ्यांना नवल वाटण्यासारखे नाही. घोरतळ्यांना आणि वाघचौड्यांना एकच तिसरा शत्रू उत्पन्न झाला, तह झाला आणि तहाच्या पाठीवर सोयरीक ठरली. मांडीवरचे ते लेकरू नवरदेव होऊन वाघचौड्यांच्या नातीला वरून आले. हत्ती सजला, नौबत वाजली आणि हरणगडाच्या वाटेवर अंबारीतून मुठी भरभरून केशरी साखर उधळली गेली. साखर तांबव्याची होती. तिथे चार चुलाणे रात्रंदिवस पेटत होती, बैलांचे तांडे बंदरापर्यंत माल नेत होते आणि कारखान्याच्या कमानीवर रेवणशेटांचे नाव कोरले होते. मालक डाव्या हातावर सदैव शेला पांघरतो, एवढेच लोक बोलत.

बाईसाहेब चांदीचे तबक घेऊन स्वतः निलाक्काच्या खोलीत आल्या. "मागचं धरून बसलं तर गड राहत नाही, निलाक्का," त्या हळूच म्हणाल्या. "तुम्हांला कळतं ते."

"कळतं, बाईसाहेब."

तिने चिमूटभर साखर उचलली, तळव्यावर घेतली आणि उजेडाकडे नेली. दाणा न् दाणा स्वच्छ होता. केशर कुठेही काळवंडले नव्हते. मळीचा लवलेशही नव्हता. शेवाळ वेळच्या वेळी बदलले होते, थर हलक्या हाताने खरवडले होते. क्षणभर तिचा ऊर अभिमानाने भरून आला आणि त्या अभिमानाची तिला इतकी लाज वाटली, की डोळ्यांत पाणी उभे राहिले. थोरले महाराज साखरेला ओळखत होते. माणसाला नाही.

"तोंड गोड करा," बाईसाहेब म्हणाल्या.

निलाक्काने तळव्यावरची साखर तबकात परत झाडली. एक दाणा हाताला चिकटला होता, तोही तिने पदराने पुसला.

"माझे पाय गोड झालेत, बाईसाहेब," ती म्हणाली. "तेवढं पुरे."