मागची सीट

सान्वीला, माझ्या लेकीला, ठाण्यातल्या स्केटिंगच्या क्लासवरून ठाकुर्लीला घरी आणायचं, एवढंच काम होतं. माझा भाऊ सूरज म्हणाला, "ताई, मी सोडतो." भर दुपार, रिक्षा मिळेना. बसले. चुकलंच.

बाळकुमची जमीन टॉवरला गेली आणि ह्याने दोन दारांची, तीनशेच्या वेगाने पळणारी परदेशी गाडी घेतली. दुधाची पिशवी आणायलाही तीच, भाजीलाही तीच. हौसेला मोल नसतं म्हणतात. आमच्या घरात होतं. आई.

त्या गाडीत मागे बसणाऱ्याला दारच नाही. पुढच्याने उतरून सीट वाकवायची, तेव्हा सुटका. मे महिन्यात आई मागे बसलेली, गाडी शीळफाट्याला अडकलेली. सूरज माझ्याशी फोनवर बोलत होता, स्पीकर चालू होता.

"पोरा, मना उतरव रं... जीव घाबरतंय."

"आये, थांब गो. सुटतंय आता सिग्नल."

तीनदा म्हणाला 'थांब'. चौथ्यांदा तिने हाकच मारली नाही. उतरून सीट वाकवायचा कंटाळा, दुसरं काय!

दहाव्याला खाडीवर कावळा शिवेना. बारा वाजले. शेवटी सूरजने हात जोडले, "आये, ही गाडी काढून टाकतो." लगेच शिवला. सगळ्या भावकीने पाहिलं. आणि तेराव्याला हा त्याच गाडीतून बुंदी आणायला गेला! तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या.

तर त्या दुपारी शीळफाट्याला गाडी थांबली. एसीतून मिश्रीचा वास आला. जळक्या तंबाखूचा, आईच्या तोंडाला यायचा तसा.

"सूरज... वास येतोय?"

"काय नाय गं."

मग माझी सीट माझ्यासकट पुढे वाकू लागली. हळूहळू... कपाळ डॅशबोर्डला टेकलं. सूरजचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते. मागून सान्वी हळू आवाजात म्हणाली, "आई... आजी म्हणते, आपण दोघींनी उतरायचं. मामाला म्हणते, तू थांब."

मी दार ढकललं, पोरीला ओढून भर ट्रॅफिकमध्ये उतरले. "दिलेला शब्द पाळ, मेल्या!" मी ओरडले. तो हसला. "सीटचा लोचा आहे, ताई. सर्व्हिसिंगला टाकतो."

काल दुपारी चहा ठेवला होता, तेव्हा त्याचा फोन आला.

"ताई... मी मागे बसलोय. कसा आलो माहीत नाय. पुढची सीट वाकत नाय गं... कुणीतरी बसलंय तिच्यावर."

"कुठे आहेस?"

"शीळफाट्याला. कुणाला तरी पाठव... जीव घाबरतोय."

"थांब," मी म्हटलं. रागानेच म्हटलं, खोटं कशाला बोलू. चहा गाळता गाळता परत म्हटलं. तिसऱ्यांदा म्हटलं, तेव्हा माझ्याच तोंडातून मिश्रीचा वास आला. मी जन्मात कधी मिश्री लावलेली नाही.